दाऱ्यावरची लॉबी

रात्रपाळीची लाइट असली की माझा पुतण्या बाराच्या सुमारास उसाला दारं धरायला निघतो. खांद्यावर खोरं, डोक्याला बॅटरी, पायात गमबूट आणि एका कानात इअरफोन. दुसरा कान मोकळा. तो बिबट्यासाठी.

सरी भरायला वेळ लागतो. तेवढ्यात बांधावर पोतं टाकून बसायचं आणि फोनवर बीजीएमआय या गेमची लॉबी लावायची. लॉबीत चौघं असतात. हा राहूचा, एक पाटेठाणचा, एक वाळकीचा, आणि चौथा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला असलेला, सेकंड शिफ्ट करून खोलीवर आलेला. भीमा आणि मुळा-मुठा या दोन नद्यांच्या मधल्या ज्या पट्ट्याला आम्ही राहूबेट म्हणतो, त्यातले तिघं आणि नदीपलीकडचा एक. गेल्या हिवाळ्यात मी एका रात्री त्याच्यासोबत गेलो होतो. मॅच पंधरा मिनिटांत संपली. वाद मात्र पाऊण तास चालला.

"खिडकीत कशाला उभा राहिला होता रे?"

"उभा नव्हतो. माझ्या फोनमधी मी भिंतीमागं गेलतो. पिंग बघ की, एकशे साठ."

"फोन बदल."

"फोनला काय झालंय? टॉवरचा घोळ आहे."

"टॉवर नाय अन् बिवर नाय, कंपनीच मुद्दाम करती. जुन्या आयडीला असलीच लॉबी देती."

या 'कंपनीच मुद्दाम करती'वर सगळे तुटून पडले. एक जण कंपनीच्या बाजूचा, दोघं विरोधात, आमचा तळ्यात-मळ्यात. तेवढ्यात सरी फुटून पाणी शेजारच्याच्या रानात गेलं आणि वाद तिथंच थांबला.

मला हा वाद ओळखीचा वाटला. शिरूर-खेडकडच्या बैलगाडा शर्यतींच्या घाटात मी लहानपणापासून हेच ऐकत आलोय. बारी किती सेकंदांत बसली, निशाण पडायच्या आधी घड्याळ दाबलं की नंतर, घोडी आडवी आली का, घाटाचा राजा ठरवताना पंचांनी कुणाकडं बघितलं. बाहेरच्याला तो नुसता गोंगाट वाटतो. घाटात उन्हात उभं राहून चार वर्षं काढलेल्याला कळतं की त्या गोंगाटात बारकं ज्ञान आहे आणि त्या ज्ञानाच्या अंगाखांद्यावर भरपूर थापाही आहेत. गेमवाल्या पोरांच्या वादाचंही तसंच आहे. कुठवर ज्ञान आणि कुठून थाप सुरू होते, एवढंच या लेखात बघायचं आहे.

आधी त्या भिंतीचं. पोरगा म्हणतो मी भिंतीमागं होतो, मारणारा म्हणतो तू खिडकीत होतास. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलतात. फोनवर दिसणारं मैदान ही फक्त नक्कल असते. मूळ मैदान दूर कुठल्या तरी सर्व्हरवर असतं. तुम्ही बोट हलवलं की ती हालचाल तिकडं जाते, तिकडून सगळ्यांची ताजी स्थिती परत येते. या जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळाला पिंग म्हणतात आणि तो मिलिसेकंदात मोजतात. एकशे साठ म्हणजे सेकंदाचा साधारण सहावा हिस्सा.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. सर्व्हर मुंबईत असेल तर राहूहून जाऊन-येऊन दोन-तीन मिलिसेकंद पुरेत. तो सिंगापूरला असेल तर अंतर चार हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन किमान चाळीस. हा झाला निसर्गाचा हिशेब, तो कुठल्याच कंपनीला चुकवता येत नाही. त्याच्या वरचं जे असतं, ते फोनपासून टॉवरपर्यंतचं आणि टॉवरवरच्या गर्दीचं. संध्याकाळी सातला अख्खं गाव रील बघत असतं तेव्हा पिंग चढतो. रात्री दोनला तो उतरायला हवा. त्या रात्री उतरला नव्हता, तेव्हा टॉवरवाल्याचा मुद्दा अगदीच फोल नव्हता.

पण मग गोळी भिंतीतून लागली कशी? नेमबाजीच्या बऱ्याच गेममध्ये सर्व्हर एक युक्ती करतो. गोळीचा निरोप पोचला की तो क्षणभर मागे जातो आणि मारणाऱ्याला त्या वेळी समोर काय दिसत होतं ते तपासतो. त्याला तुम्ही खिडकीत दिसत होतात ना, मग गोळी लागली. तुम्ही तोवर तुमच्या फोनमध्ये भिंतीमागं पोचला असलात तरीही. हे अन्यायाचं वाटतं. पण उलट केलं तर नेम बरोबर लावूनही गोळी लागत नाही, आणि ते खेळणाऱ्याला त्याहून जास्त खुपतं. म्हणजे ही निशाण आणि घड्याळाचीच भानगड आहे. घड्याळ कुठल्या टोकाला धरायचं हे कुणीतरी ठरवतं, आणि जे ठरवलं जातं त्यावर एक बाजू नाराज असतेच. 'मुद्दाम करती' हे एवढ्यापुरतं खरं आहे. कंपनी मुद्दामच करते, पण तुमच्या एकट्याच्या आयडीवर डूख धरून नव्हे.

या पोरांच्या हातात हा खेळ आला कसा, हेही सांगायला हवं. माझ्या पिढीला व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा आणि '९९९९ इन १' लिहिलेली कॅसेट. त्यात गेम असायचे बोटांवर मोजण्याइतके, तेच पुन्हा पुन्हा. काँट्रात तीस जीव मिळवायची बटणांची ओळ केडगावच्या बाजारात पोरं गुप्त मंत्रासारखी एकमेकांना सांगायची. पुढं कॉम्प्युटर क्लास आले, सर बाहेर गेले की प्रिन्स ऑफ पर्शिया चालू व्हायचा. पण रानातल्या पोराच्या हाती खरा खेळ आला तो 2016च्या सप्टेंबरात जिओ सुरू होऊन डेटा स्वस्त झाला त्यानंतर, आणि 2018 साली मोबाइलवर पबजी आला तेव्हा. महागडा डबा नको, टीव्ही नको, बापाची परवानगी नको. फोन तर उसाच्या बिलातून आधीच घेतलेला.

मग 2 सप्टेंबर 2020ला केंद्र सरकारनं 118 चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल गेला. 2 जुलै 2021ला तोच खेळ त्याच्या मूळ कोरियन कंपनीनं स्वतः भारतासाठी वेगळ्या नावानं आणला, बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजेच बीजीएमआय. पुढच्याच वर्षी, 28 जुलै 2022ला, तोही स्टोअरवरून उतरवला गेला.

आता आमच्या भागातली एक गोष्ट, जी पुण्या-मुंबईच्या गेमवाल्यांच्या ध्यानात येणं शक्य नाही. 7 मे 2014ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बैलगाडा शर्यती बंद झाल्या होत्या. 2021च्या डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023ला घटनापीठानं शर्यतींचा राज्याचा कायदा वैध ठरवला. दुसऱ्याच दिवशी, 19 मे 2023ला, बीजीएमआय परत येणार असल्याची घोषणा झाली. म्हाताऱ्यांचा घाट आणि पोरांची लॉबी एका दिवसाच्या अंतरानं मोकळी झाली. भंडारा कुणासाठी उधळायचा, असा प्रश्न त्या आठवड्यात बऱ्याच घरांत पडला असेल. लॉबी मोकळी झाली तीही दाव्यासकट. सुरुवातीला तीन महिन्यांची चाचणी, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास, बाकीच्यांना सहा.

बंदीच्या काळात पोरांचा एक वाद फार पोटतिडकीचा होता. आयडीचं काय? दोन वर्षं खेळून कमावलेली लेव्हल, पैसे मोजून घेतलेले बंदुकीचे रंग, कपडे, हे सगळं कुणाचं? बैल विकला तर पैसे हातात येतात. आयडी बंद झाला तर काय येतं? पबजीचा माल बीजीएमआयमध्ये वळता करायची सोय काही काळ दिली गेली, म्हणून आमच्याकडचे बरेच जण वाचले. पण प्रश्न तिथं मिटत नाही. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीनं 31 मार्च 2024ला 'द क्रू' या मोटारींच्या गेमचे सर्व्हर बंद केले आणि लोकांनी पुरती किंमत मोजून घेतलेला गेम खेळता येईना. त्यावरून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि तिच्या मागणीपत्रावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आपण गेम विकत घेत नाही, खेळायची परवानगी घेतो, ही बारीक अक्षरातली अट या मोहिमेनं चव्हाट्यावर आणली. वाळकीच्या पोराला ही मोहीम ठाऊक नव्हती. त्याचा मुद्दा मात्र तोच होता.

युबीसॉफ्टचं नाव निघालंच आहे, तर खरी गोष्ट सांगतो. राहूपासून पन्नासेक किलोमीटरवर, पुण्यात, या कंपनीचा स्टुडिओ आहे. 2008 साली तो गेमलॉफ्टकडून युबीसॉफ्टकडं आला. मुंबईचा स्टुडिओ 2018चा. वर्षानुवर्षं अशा स्टुडिओंकडं येणारं काम बहुतेक हाताखालचं असतं. दुसऱ्यांनी केलेला गेम वेगळ्या यंत्रावर चालवून द्यायचा, चुका शोधायच्या, थोडे भाग करून द्यायचे. आमच्या पोरांना 'गेम टेस्टर' ही स्वर्गातली नोकरी वाटते. त्यांना सांगायला हवं की टेस्टर गेम खेळत नाही. तो एकाच भिंतीला दोनशे बाजूंनी धडकून बघतो, कुठून आरपार जाता येतं का ते लिहून ठेवतो, दुरुस्ती झाली की पुन्हा दोनशे वेळा धडकतो.

तर 10 सप्टेंबर 2020ला युबीसॉफ्टनं जाहीर केलं की 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' या 2003च्या गाजलेल्या गेमचा रिमेक पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ करत आहेत. मोठ्या नावाच्या गेमचं पुढारपण भारतातल्या स्टुडिओंकडं. क्लासमधले सर बाहेर गेल्यावर आम्ही जो राजपुत्र पळवला, त्याच्याच वंशावळीतला हा. त्या मूळ राजपुत्राचीही एक गोष्ट आहे. जॉर्डन मेक्नर या तरुणानं 1989च्या त्या गेमसाठी आपल्या धाकट्या भावाला पळायला-उड्या मारायला लावलं, चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र उतरवलं. म्हणून तो इतका माणसासारखा धडपडायचा.

ट्रेलर आला आणि जगभरच्या चाहत्यांनी त्याची पार सालटी काढली. चेहरे मेणाचे, उजेड सपाट, दहा वर्षांपूर्वीचा वाटतो, असं. हे म्हणणं चुकीचं नव्हतं. मी तो ट्रेलर पाहिला आहे आणि माझंही मत तेच झालं. दिग्दर्शकांनी खुलासा केला की हे रूप ठरवून दिलेलं आहे. चाहत्यांना ते पटलं नाही. कारण तोवर त्यांनी 2019चा रेसिडेंट ईव्हिल 2चा रिमेक पाहिला होता, त्याच सप्टेंबरात नव्यानं केलेला माफिया येत होता. नजर तयार झाली होती.

पण याच गर्दीत दुसरं बोलणं सुरू झालं. 'भारतात बनवलं ना, मग असंच होणार.' दुखणं असं की हे बोलणाऱ्यांत आपलेही बरेच होते. इथं चाहत्याचं ज्ञान संपतं आणि थाप सुरू होते. चाहत्याला पडदा दिसतो, पडद्यामागचा हिशेब दिसत नाही. तो हिशेब थोडासा त्या ट्रेलरसोबतच जाहीर झाला होता. किंमत 40 डॉलर. त्या काळी मोठा नवा गेम 60ला विकला जायचा. जो माल दोन-तृतीयांश किमतीला विकायचा ठरलाय, त्याच्यावर खर्च किती करायचा हेही आधीच ठरलेलं असतं. चेहऱ्यांवर किती माणसं बसवायची, नटांच्या हालचाली किती टिपायच्या, किती महिने द्यायचे, हे पुण्यातला चित्रकार ठरवत नाही. त्यात जाहीर केलेली विक्रीची तारीख होती 21 जानेवारी 2021, म्हणजे ट्रेलरपासून चार महिन्यांहून थोडेच जास्त दिवस हातात होते. गुऱ्हाळात कढई उतरवायची घाई केली तर गूळ लिबलिबीत होतो. त्यात गुळव्याचा हात वाईट होता असं सांगता येत नाही. नव्हताच असंही सांगता येत नाही, हे मान्य.

पुढं काय झालं ते बघा. तारीख आधी मार्च 2021वर गेली, मग बेमुदत. 2022च्या मे महिन्यात काम पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलला दिलं गेलं, जिथं मूळ 2003चा गेम घडला होता. 'बघा, आम्ही म्हणालो नव्हतो?' म्हणणाऱ्यांना त्या दिवशी जोर चढला. माँट्रियलनं काम हाती घेतलं, 2024 साली सांगितलं गेलं की 2026ला येईल, आणि 2026च्या जानेवारीत कंपनीनं आणखी पाच गेमसकट तो रद्द करून टाकला. ज्यांच्या हातांवर कुणी शंका घेतली नाही, त्या स्टुडिओकडूनही तो बाहेर आला नाही. 2022ला जोर चढलेल्यांपैकी कुणी हे आठवून बोललेलं माझ्या तरी कानावर नाही.

उलट बाजूचंही एक उदाहरण याच घराण्यातलं. 2024च्या जानेवारीत 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन' आला. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि तो करणारा गट मोडून माणसं दुसऱ्या कामांवर लावली गेली. म्हणजे चाहत्यांनी नावं ठेवली तरी गेम मरतो, आणि कौतुक करून विकत घेतला नाही तरीही मरतो.

पुण्याचेच दुसरे हात बघायचे असतील तर नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' आहे. 2017 साली त्यांनी लोकवर्गणी मागून पाहिली, ती पुरी झाली नाही. तरी छोट्या गटानं काम रेटलं आणि 18 ऑगस्ट 2020ला, म्हणजे त्या बदनाम ट्रेलरच्या तीन आठवडे आधी, गेम आला. भावाला शोधत निघालेली मुलगी, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. चित्रं आणि संगीत वाखाणलं गेलं, शेवट अर्ध्यात तोडल्यासारखा आहे अशी तक्रारही झाली, आणि दोन्ही बरोबर आहेत. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन होतं. एकाच शहरात, एकाच ऋतूत, एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते. भारतातले हात हा मुद्दा मी तरी तिथंच सोडून दिला. सुपरगेमिंग ही पुण्याचीच कंपनी, तिचा 'इंडस' 2024च्या ऑक्टोबरात मोबाइलवर आला. तो पबजीची नक्कल की नवं काही, यावर आमच्या लॉबीत अजून निकाल लागलेला नाही.

नक्कल-अस्सल आणि देशी-परदेशी हा वाद पेटला की लोक ताऱ्यांवर राग काढतात. म्हणजे स्टोअरवरच्या तारांकित गुणांवर. पबजीवर बंदी आली त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अक्षयकुमारनं 'फौजी' या देशी गेमची घोषणा केली, 26 जानेवारी 2021ला तो आला आणि बघता बघता त्याचे तारे घसरले. काहींनी खेळून एक तारा दिला, काहींनी अपेक्षाभंगानं, काहींनी पबजी गेला या रागानं. सगळे एकाच आकड्यात मिसळले गेले. म्हणून सरासरी ताऱ्यांवरून गेम जोखू नका. दोन आणि तीन तारे देणाऱ्यांचं लिखाण वाचा. तिथं माणूस खेळलेला असतो.

गावातल्या वडीलधाऱ्यांचा घोळ वेगळाच. त्यांच्या लेखी रमी, फँटसी क्रिकेट आणि बीजीएमआय सगळं एकच, 'ते मोबाइलचं'. 2025च्या ऑगस्टमधल्या केंद्राच्या कायद्यानं निदान कागदावर तरी तीन प्रकार वेगळे केले. ई-स्पोर्ट्सला मान्यता, करमणुकीच्या गेमना परवानगी, पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी. त्याच्या महिनाभर आधी विधान परिषदेत राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री मोबाइलवर रमी खेळत असल्याचा आरोप करणारा व्हिडिओ विरोधकांनी आणला होता. आपण खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो, असं मंत्र्यांचं म्हणणं. त्यांच्याकडचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं आलं. पारावर यावर काय बोललं गेलं ते छापण्यासारखं नाही.

पैशाचा मुद्दा पोरांच्या वादात शेवटी येतो, पण सगळ्याच्या मुळाशी तोच आहे. मोठ्या डब्यावरचा नवा गेम आज पाच-सहा हजारांना पडतो. साधारण दोन टन उसाचं बिल. म्हणून आमच्याकडं कुणी तो घेत नाही, सगळे फुकटचे खेळतात. फुकटच्या गेममध्ये बहुतेक जण एक रुपया देत नाहीत आणि थोडे जण भरपूर देतात, त्यावर दुकान चालतं. पैसे भरून घेतलेली क्रेट, म्हणजे पेटी, उघडली की काय निघेल हे ठाऊक नसतं आणि तेच तिचं गिऱ्हाईक ओढतं. पाटेठाणच्या पोराला एकदा मी विचारलं, आजवर किती घातले? तो गप्प बसला. बाकीचे तिघं हसले.

आता त्या चौघांना, आणि हे वाचणाऱ्या त्यांच्यासारख्यांना एक सांगणं आहे. तुमची भाषा मी ऐकली आहे. बंदूक 'ढिल्ली' आहे, मॅप 'भकास' आहे, या गेममध्ये 'हात बसत नाही', उतरताना 'पोटात गोळा येतो'. गेमवर मराठीत लिहिणाऱ्यांकडं हे शब्द नाहीत, कारण मराठीत गेमवर फारसं कुणी लिहीतच नाही. स्टोअरवर तारे देता तिथं खाली रिकामी जागा असते. पुढच्या वेळी 'नाइस गेम' न टाकता ती चार वाक्यं तिथं लिहा. देवनागरीत लिहा, बांधावर बोलता तशीच लिहा. फक्त सरीकडं लक्ष ठेवून.